त्याला फाशी झाली का, बाई?

आमच्या शाळेच्या मुख्य दारातून आत आलं की उजव्या हाताला एक फळा होता. वर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘आजचा सुविचार’ असं रंगवलेलं आणि खालची जागा रोज खडूने भरायची. 28 वर्षांच्या नोकरीत निदान 15 वर्षं तरी तो फळा माझ्याकडे होता. मी इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे सानेगुरुजी, विनोबा, तुकोबा यांच्या जोडीला अधूनमधून शॉ, चर्चिल आणि अठराव्या शतकातले इंग्रज लेखक, कोशकार डॉ. जॉन्सन यांचीही पाळी यायची. स्टाफरूमच्या कपाटात इंग्रजी सुवचनांचं एक पुस्तक होतं. पुठ्ठा सुटलेला, पण त्यातलं एक वाक्य उचलायचं, मराठी करायचं आणि खाली नाव घालायचं, एवढंच काम असे.

एका वर्षी दहावीच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या, म्हणून मी फळ्यावर लिहिलं: ‘पंधरा दिवसांनी आपल्याला फाशी होणार हे कळलं, की माणसाचं मन विलक्षण एकाग्र होतं. — डॉ. जॉन्सन’. दहावीची मुलं वाचून हसली. मुख्याध्यापकांनाही ते आवडलं. मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘‘बाई, तो माणूस कोण होता? त्याला फाशी झाली का?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, कुणी नव्हता. ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं असतं.’’

ती मान हलवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला.

निवृत्त झाल्यावर जॉन्सनचा मित्र बॉस्वेल याने लिहिलेलं त्याचं चरित्र हाती घेतलं. नोकरीत असताना त्यातले उतारे शिकवले होते, सबंध कधी वाचलं नव्हतं. जाडजूड पुस्तक, बारीक टाइप. रोज दुपारी वीस-पंचवीस पानं, असं करत करत 1777 सालच्या सप्टेंबरपाशी आले आणि ते वाक्य समोर आलं. तो माणूस होता. त्याला नाव होतं. त्याला फाशीही झाली होती.

त्याचं नाव विल्यम डॉड. लंडनमधला नावाजलेला धर्मोपदेशक. त्याची प्रवचनं ऐकायला गर्दी लोटायची. राहणी मात्र मिळकतीपेक्षा फार वरची, त्यामुळे कर्जात बुडाला. 1777च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या एका जुन्या श्रीमंत विद्यार्थ्याच्या नावाने 4,200 पौंडांचं खोटं कर्जरोखं केलं. पकडला गेला. पैसे बहुतेक परत केले, तरी त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा खोट्या दस्तऐवजाला शिक्षा एकच होती.

जॉन्सन आयुष्यात त्याला एकदाच भेटला होता. ओळख म्हणावी अशी ओळख नव्हती. डॉडसाठी काही लिहून द्याल का, अशी विनंती करणारं पत्र त्याच्याकडे आलं, तेव्हा ते वाचून तो अस्वस्थ झाला, खोलीत येरझाऱ्या घालू लागला आणि म्हणाला, ‘‘मला जमेल ते मी करीन.’’ आणि त्याने केलं. शिक्षा सुनावण्याआधी डॉडने कोर्टात केलेलं भाषण जॉन्सनचं. लॉर्ड चॅन्सलरला गेलेलं पत्र जॉन्सनचं. राजाकडे केलेला अर्ज जॉन्सनचा, डॉडच्या बायकोने राणीकडे केलेला अर्जही जॉन्सनचाच. न्यूगेटच्या तुरुंगात डॉडने आपल्यासारख्याच कैद्यांपुढे जे प्रवचन दिलं, तेही बहुतांशी जॉन्सनने लिहून दिलेलं होतं. लोकांनी हजारोंनी सह्या केल्या. काही उपयोग झाला नाही. 27 जून 1777 रोजी टायबर्नला डॉडला फाशी दिली.

ते प्रवचन छापून आलं, तेव्हा सीवर्ड नावाच्या एका ओळखीच्या गृहस्थाने जॉन्सनपाशी शंका काढली: हे डॉडचं वाटत नाही, याआधी त्याने इतकं जोरकस कधी काही लिहिलं नव्हतं. शंका अगदी बरोबर होती आणि ते लिहिणारा समोरच उभा होता. तेव्हा जॉन्सन म्हणाला, ‘‘तसं का वाटावं तुम्हाला? पंधरा दिवसांनी आपल्याला फाशी होणार हे कळलं, की माणसाचं मन विलक्षण एकाग्र होतं.’’

पुस्तक मांडीवर तसंच पालथं घालून मी बराच वेळ बसले होते. ज्या वाक्यावर जग अडीचशे वर्षं हसत आलंय, ते एका मरणाऱ्या माणसाची झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून बोललं गेलं होतं. पुढे बॉस्वेलने त्याला छेडलं की, म्हणजे या फसवणुकीत तुमचाही हात होताच. तेव्हा जॉन्सनने दिलेलं उत्तर त्या गाजलेल्या वाक्याहून मोलाचं आहे. त्याचा आशय असा: डॉडने ते माझ्याकडून घेतलं ते स्वतःचं म्हणून मांडण्यासाठी. त्यामुळे मी ते माझं आहे असं सांगणार नाही, हा न बोलता दिलेला शब्दच होता. शिवाय मी सरळसरळ खोटं बोललो नाही, मी ती गोष्ट मोघम ठेवली.

हे उत्तर सुवचनांच्या पुस्तकात नसतं. ते एका ओळीत मावत नाही.

ब्रिटिश माणसांच्या हजरजबाबीपणाचं आपल्याकडे फार कौतुक आहे. दीडशे वर्षं आपण त्यांची भाषा शिकलो, त्यामुळे तिच्यासोबत हे किस्सेही घरात आले. आता ते रोज सकाळी फोनवर येतात, मागे डोंगर आणि सूर्योदय असतो. त्यातले निम्मे ज्यांच्या नावावर फिरतात, त्यांचे नसतातच. ‘तुमचं हस्तलिखित चांगलंही आहे आणि नवंही आहे, पण जे चांगलं आहे ते नवं नाही आणि जे नवं आहे ते चांगलं नाही’ हे वाक्य जॉन्सनच्या नावावर मी स्वतः दोनदा फळ्यावर लिहिलंय. चरित्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्यात ते कुठेही नाही. पण त्याहून मोठं नुकसान खऱ्या वाक्यांचं होतं असं मला वाटतं. ती मुळासकट येत नाहीत. फांदी तोडून फुलदाणीत ठेवावी तशी येतात आणि त्यांचा अर्थ बदलतो.

डॉडने ज्या विद्यार्थ्याच्या नावाने खोटं कर्जरोखं केलं, तो होता पाचवा अर्ल ऑफ चेस्टरफिल्ड. आणि जॉन्सनचं सगळ्यात गाजलेलं पत्र आहे ते चौथ्या अर्लला, म्हणजे या तरुणाला ज्याच्याकडून वारसा मिळाला त्याला. त्या पत्रातलंही एक वाक्य सुवचनांच्या पुस्तकात हमखास सापडतं: आश्रयदाता म्हणजे पाण्यात जिवाच्या आकांताने हातपाय मारणाऱ्याकडे थंडपणे पाहत राहणारा आणि तो काठाला लागला की मदत करून त्याच्या पायात येणारा माणूस. हे वाक्य मीही वर्गात सांगायचे. मुलांना पटायचं. अशी माणसं त्यांनीही घरात, गावात पाहिलेली असायची.

पण सबंध पत्र समोर घेऊन बसलं की नजर दुसरीकडेच अडकते. 1746 साली जॉन्सनने इंग्रजीचा शब्दकोश करून द्यायचा करार केला. मोबदला 1,500 गिनी, त्यातूनच मदतनिसांचा पगार, कागद, घरभाडं सगळं भागवायचं. तीन वर्षांत करतो म्हणाला आणि नऊ वर्षं लागली. सुरुवातीला लॉर्ड चेस्टरफिल्डच्या दारी गेला, तेव्हा बाहेरच्या खोलीत बसून परत यावं लागलं. मग 1754च्या अखेरीस, कोश बाहेर पडायच्या बेतात असताना, याच लॉर्डने एका साप्ताहिकात त्याची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. 7 फेब्रुवारी 1755 रोजी जॉन्सनने त्याला उत्तर धाडलं. त्यात तो म्हणतो, तुम्ही घेतलेली ही दखल वेळेवर घेतली असती तर ती कृपा ठरली असती. पण तिला इतका उशीर झाला की आता मला तिचं काही वाटत नाही, तिचा आनंद घेता येत नाही. आता मी एकटा आहे, तो कुणाला वाटून देता येत नाही. आता माझं नाव झालंय, मला तिची गरज नाही.

मधलं वाक्य पाहा. आता मी एकटा आहे. त्याची बायको एलिझाबेथ, त्याची टेटी, 1752च्या मार्चमध्ये गेली होती. ती त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी होती. लोक या जोडप्याला हसायचे. शब्दकोशाचं काम चालू असताना, उधारउसनवारीच्या त्या दिवसांत ती खालच्या मजल्यावर आजारी असायची आणि वर माळ्यावर हा शब्द लावत बसलेला असायचा. कोश पूर्ण झाला तेव्हा ‘झालं एकदाचं’ असं सांगायला घरात ती उरली नव्हती. एका लॉर्डला सुनावलेल्या खरमरीत पत्राच्या मधोमध त्याने हे चार शब्द ठेवलेत, मोठ्याने न म्हणता. माझे यजमान गेले त्यानंतर वर्षभराने मुलाला लंडनमध्ये बढती मिळाली आणि त्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी फोन ठेवून स्वयंपाकघराकडे वळले होते, कुणाला तरी सांगायला. त्यामुळे या वाक्याचं भाषांतर मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

लॉर्ड चेस्टरफिल्डने ते पत्र टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं म्हणतात. आल्यागेल्याला त्यातली झणझणीत वाक्यं तो स्वतः वाचून दाखवायचा. म्हणजे सुवचनं कापून काढायला पहिली सुरुवात ज्याला ती लिहिली होती त्यानेच केली.

मुलाकडे गेले होते तेव्हा एका सकाळी गफ स्क्वेअरला गेले. फ्लीट स्ट्रीटवरून आत शिरलं की बोळातून बोळ फुटतात, पुण्याच्या जुन्या पेठेतल्यासारखे, आणि मग एकदम मोकळा चौक लागतो. एका टोकाला 17 नंबरचं विटांचं उंच, अरुंद घर. जॉन्सनची बिऱ्हाडं लंडनभर झाली, त्यातली बहुतेक पाडली गेली. हे राहिलं. जिना लाकडी आहे, पायाखाली कुरकुरतो. गुडघे धरत धरत मी माळ्यापर्यंत गेले. लांबट खोली, वर उतरतं छप्पर, खिडक्यांतून फिकट उजेड. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत हे छप्पर जळालं होतं, ते पुन्हा केलंय. या खोलीत सहा लेखनिक उभ्या मेजांपाशी लिहीत असायचे. जॉन्सन पुस्तकांत खुणा करून द्यायचा, लेखनिक ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे, मग चिठ्ठ्या अक्षरवार लागायच्या. असे 42,000च्या वर शब्द, त्यांच्यासाठी लाखाच्या वर अवतरणं.

खाली एका खोलीत कोशाची प्रत आहे. त्यातला ‘ओट्स’ हा शब्द सगळ्यांना पाठ असतो: एक धान्य, इंग्लंडात ते बहुधा घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात त्यावर माणसं जगतात. स्कॉटिश लोकांना डिवचलेलं. हेही मी वर्गात सांगितलं होतं आणि हशा घेतला होता. त्या माळ्यावर उभं राहिल्यावर मात्र वेगळंच आठवलं: त्या सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. म्हणजे हा विनोद त्यांच्याच हातून कागदावर उतरला असणार, त्यांच्यादेखत, कदाचित त्यांच्या हसण्यात. मॅकबीन नावाच्या लेखनिकाला म्हातारपणी आसरा नव्हता, तेव्हा जॉन्सनने खटपट करून त्याला एका धर्मादाय संस्थेत जागा मिळवून दिली. पेटन नावाचा दुसरा (सहांतला इंग्रज बहुधा हाच) आणि त्याची बायको हलाखीत वारली, त्यांच्या अंत्यविधीचा खर्च जॉन्सनने केला. कोशाच्या काळात त्याची स्वतःची परिस्थितीही काही सुखाची होती असं नाही. कोश छापून झाल्यावर वर्षाच्या आत त्याला पाच पौंड अठरा शिलिंगांच्या देण्यासाठी अटक झाली होती. रिचर्डसन या कादंबरीकाराने पैसे पाठवले म्हणून सुटला.

सगळीच वाक्यं अशी संदर्भाने गोड होतात असं मी म्हणणार नाही. बाईने प्रवचन देणं म्हणजे कुत्र्याने मागच्या दोन पायांवर चालणं, ते चांगलं जमत नाही पण जमतं याचंच आश्चर्य वाटतं, असं तो 1763 साली म्हणाला होता. हे वाक्य मी मागून पुढून वाचलं, त्याच्या आजूबाजूची पानं वाचली. ते वाईटच आहे. जन्मभर वर्गासमोर उभी राहून बोललेली मी, मला ते टोचतं आणि टोचावंच. याच माणसाने आंधळ्या ॲना विल्यम्सला आपल्या घरात कायमचं ठेवून घेतलं, तिच्या कविता छापून याव्यात म्हणून धडपड केली, रात्री कितीही उशीर झाला तरी तिच्यासोबत चहा घेतल्याशिवाय तो झोपत नसे. हेही खरं आहे. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही. दोन्ही त्याच्याच खात्यावर राहतात.

आपल्याकडे जॉन्सन आला तो तुकड्यांत आला नव्हता, हे मला लंडनहून परतल्यावर पुन्हा जाणवलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याच्यावर प्रदीर्घ लेख लिहिला. माणूस सबंध घेतला: दारिद्र्य, आजार, बेढब शरीर, धर्मभीती, सगळं. आणि त्याची ‘रासेलस’ ही कथा तर दोन पिढ्यांनी मराठीत आणली, कृष्णशास्त्र्यांनी भाषांतर सुरू केलं आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरं केलं. त्या पुस्तकाचा जन्म पाहिला तर तेही घरातलंच दुःख. 1759च्या जानेवारीत जॉन्सनची आई लिचफिल्डला वारली. कित्येक वर्षांत तो तिला भेटायला गेला नव्हता. तिचा अंत्यविधी आणि तिचं राहिलेलं किरकोळ देणं भागवायला पैसे हवे होते म्हणून एका आठवड्याच्या संध्याकाळींत बसून त्याने ते लिहिलं. इंग्लंडातल्या एका मुलाने आईच्या उत्तरक्रियेसाठी लिहिलेली गोष्ट पुण्यात एका बापलेकाने मिळून मराठी केली. ‘पैशासाठी लिहीत नाही तो मूर्ख’ हेही जॉन्सनचंच वाक्य. ते वाचलं की मला तो आठवडा आठवतो.

त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र अशी आहे की तिच्यात एकही चमकदार वाक्य नाही.

वडील मायकेल जॉन्सन लिचफिल्डला पुस्तकं विकायचे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांत जाऊन पाल लावायचे, आपल्याकडे आठवडी बाजारात लावतात तसं. धंदा खालावत चालला होता. मुलगा ऑक्सफर्डला गेला, पण पैसा पुरेना म्हणून तेरा महिन्यांत परत आला. तिथे असताना त्याचे बूट इतके फाटले होते की बोटं दिसायची. कुणीतरी रात्री खोलीच्या दाराशी नवा जोड ठेवून गेलं. त्याने तो संतापाने फेकून दिला. असा तो मानी मुलगा घरी आला. पुढे एकदा वडिलांना बरं नव्हतं. ते म्हणाले, आज युटॉक्सेटरच्या बाजारी तू चल, गाळा सांभाळ. तो नाही म्हणाला. ऑक्सफर्डला जाऊन आलेल्या मुलाने बाजारात पुस्तकं मांडून बसायचं? 1731च्या डिसेंबरात वडील गेले.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, कोशकार म्हणून इंग्लंडभर नाव झाल्यावर, तो युटॉक्सेटरला गेला. भर बाजारात, वडिलांचा गाळा जिथे असायचा तिथे, पावसात, डोक्यावरची टोपी काढून कितीतरी वेळ उभा राहिला. हे त्याने नंतर एका तरुण पाद्र्याला स्वतःच सांगितलं. त्या नकाराचं मूळ गर्व होता, म्हणाला, आणि ती आठवण दुखायची. त्या पश्चात्तापात मी तिथे उभा राहिलो आणि प्रायश्चित्त फळलं असेल अशी मला आशा आहे.

ज्या मानीपणाने बूट फेकले, त्यानेच लॉर्डला ते पत्र लिहिलं, आणि आजारी बापाला एकट्याला बाजारी धाडलं तेही त्यानेच. पत्र आपण पाठ करतो.

लिचफिल्डला मी गेले नाही, मुलाने फोटो दाखवले. बाजारचौकात, वडिलांच्या दुकानाच्या घरासमोरच, 1838 साली बसवलेला त्याचा दगडी पुतळा आहे. खुर्चीत बसलेला, हनुवटीला हात लावून, भोवती पुस्तकं. चौथऱ्याच्या बाजूंना प्रसंग कोरलेत आणि त्यातला एक हाच आहे, युटॉक्सेटरचा. फोटो मोठा करून पाहिला. मधे तो मान खाली घालून उभा आहे, आजूबाजूला बाजारची माणसं.

ती आठवीतली मुलगी आता चाळिशीच्या आसपास असेल. कुठे असते, काय करते, मला माहीत नाही. भेटली तर तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर सांगायचं आहे. हो, त्याला फाशी झाली. त्याचं नाव विल्यम डॉड होतं. आणि मग तिच्याकडे वेळ असेल, तर जवळ बसवून बाकीचंही.